काय टाकू?

माशांच्या टाकीत गोगलगायी वाढल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो: काय टाकू? कुणी औषध टाकायला तयार असतं, कुणी मीठ, कुणी गोगलगायी खाणारा एखादा मासा. ‘काय टाकायचं थांबवू?’ असं विचारणारं मला तरी अजून कुणी भेटलेलं नाही. मत्स्यपालनाचा छंदच तसा आहे. काहीही बिघडलं की हात आधी बाटलीकडे जातो.

माझ्याकडे झाडं लावलेली मध्यम आकाराची टाकी आहे आणि तीत गोगलगायी आहेत. होत्या, आहेत आणि राहतील. त्या किती राहतील, एवढाच काय तो माझ्या हातातला भाग. या एका वाक्याशी तडजोड झाली की पुढचं बरंच सोपं जातं, पण नेमकी तीच तडजोड कुणाला नको असते. पहिली गोगलगाय काचेवर दिसली की ‘एकही शिल्लक ठेवायची नाही’ अशी प्रतिज्ञा होते. पहिली दिसते तेव्हा ती पहिली नसतेच, हे ध्यानात यायला वेळ लागतो.

त्या येतात झाडांबरोबर. अनुबियासच्या किंवा जावा फर्नच्या पानाच्या खालच्या बाजूला नखाएवढा पारदर्शक चिकट ठिपका असतो. ओल्या पानावर तो पाण्याच्या थेंबासारखाच दिसतो, म्हणून सुटतो. पान उजेडासमोर तिरकं धरलं की जेलीच्या आत मोहरीहूनही बारीक ठिपके दिसतात, कधी डझनभर, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट. भिंग असेल तर जरूर पाहा. काही दिवसांचा गर्भ त्या इवल्याशा अंड्यात स्वतःभोवती संथपणे गरगरत असतो. उबदार पाण्यात आठवड्या-दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि काही आठवड्यांतच स्वतः अंडी घालू लागतात. जोडी लागतेच असं नाही. काचेवर दिसणाऱ्या बहुतेक गोगलगायी उभयलिंगी असतात, आणि ब्लॅडर स्नेलसारखीला जोडीदार मिळालाच नाही तर ती एकटीही वंश चालवते.

नवं झाड आणलं की धुऊन लावावं, हे सगळे सांगतात. नुसत्या धुण्याने जेली निघत नाही. तुरटीच्या पाण्यात झाड दोन-तीन दिवस बुडवून ठेवणं हा त्यातला सौम्य उपाय: साधारण चार लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे तुरटी. घरगुती ब्लीच एकास एकोणीस भाग पाण्यात मिसळून दोन मिनिटं बुडवणं हा कडक उपाय. त्यात जाड पानांची झाडं तगतात, पण व्हॅलिसनेरिया आणि मॉस यांची वाट लागते. एवढं करूनही जेलीतली काही अंडी वाचतात, म्हणून झाड पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून पुन्हा तपासणं बरं. टिश्यू कल्चरची, बंद डबीतल्या जेलवर वाढवलेली झाडं आणली तर हा प्रश्नच उरत नाही. ज्यांना एकही गोगलगाय नकोच आहे त्यांनी सुरुवातच तिथून करावी. एकदा वाळू-दगड-झाडांची टाकी वसली आणि त्यात गोगलगायी शिरल्या की मग ‘एकही नको’ हे जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता, आहेत त्या कोणत्या आहेत हे पाहिल्याशिवाय उपायाला हात घालू नये. शिंपल्याचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला आलं तर ती ब्लॅडर स्नेल, उजव्या हाताला आलं तर पाँड स्नेलच्या कुळातली. ब्लॅडरची शिंगं दोऱ्यासारखी बारीक, तर पाँडची त्रिकोणी आणि रुंद असतात. चपटी, दोरीच्या वेटोळ्यासारखी दिसते ती रॅम्सहॉर्न. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे फिकट शिंपल्याच्या रॅम्सहॉर्न लालबुंद दिसतात आणि लोक त्या हौसेने पाळतातही. आणि निमुळत्या, लांबट, शंकूसारख्या शिंपल्याची ती ट्रम्पेट स्नेल. पोटात पाय असलेल्या गोगलगायीची म्हण कुणा एकीला द्यायचीच झाली तर हिला द्यावी. दिवसभर वाळूत गाडून घेऊन बसते. वरून टाकी निर्मळ दिसते. दिवे मालवून तासाभराने टॉर्च मारली की तीच वाळू चालायला लागते.

यांतली ब्लॅडर स्नेल म्हणजे जगभर फिरलेला प्राणी. फिजेला अक्युटा हे तिचं शास्त्रीय नाव. १८०५ साली द्रापार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञाने फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, म्हणून कित्येक वर्षं ती युरोपचीच समजली जात होती. पुढे कळलं की ती मुळात उत्तर अमेरिकेतली. म्हणजे शास्त्राच्या वहीत नाव चढण्याआधीच ही बया समुद्र ओलांडून गेली होती. काचेच्या डब्यातून तिला हद्दपार करण्याची प्रतिज्ञा करताना हे आठवलेलं बरं.

मुद्दा खाण्याचा आहे. गोगलगाय हवेतून वाढत नाही. टाकीतल्या प्रत्येक गोगलगायीचं अंग आधी काहीतरी वेगळं होतं: माशांच्या तोंडून निसटून लाकडाच्या खाली गेलेले दाणे, पिवळं पडून विरघळणारं पान, काचेवरचा शेवाळाचा थर, खडीतला गाळ. जेवढं हे शिल्लक राहतं तेवढ्या गोगलगायी त्या टाकीत पोसल्या जातात. जास्त नाही आणि कमीही नाही. म्हणून नुसत्या हाताने वेचून काढण्याने फारसं साधत नाही. मोठ्या पन्नास काढल्या तर त्यांच्या वाट्याचं अन्न मागे राहिलेल्या पिल्लांना मिळतं, ती झपाट्याने वाढतात आणि महिन्याभरात आकडा पुन्हा तिथेच येतो. वेचणाऱ्याला वाटतं, या काही आटोपतच नाहीत. त्या आटोपत नाहीत, कारण त्यांना जेवणाचं पान वाढणं थांबलेलं नाही.

आणि ते वाढण्याचं काम आपला हात करत असतो. मासा काचेशी येऊन तोंड उघडतो आणि आपण चिमूटभर टाकतो. घरातलं दुसरं माणूस येतं, मासा त्याच्याकडेही तोंड उघडतो, तेही टाकतं. पाहुण्यांबरोबर मुलं असली तर विचारूच नका. मासे उपाशी असल्याचा अभिनय फार उत्तम करतात. दोन मिनिटांत संपेल एवढंच घालावं, हा जुना नियम अजूनही खरा आहे. मी त्याला आणखी एक जोडते: दाणे टाकल्यावर तिथून हलायचं नाही. खाली काय पडतंय, कुठे पडतंय, कोण उचलतंय, हे बघायचं. बहुतेक घरांत डबीचं झाकण लावता लावता माणूस पाठ फिरवतो आणि निम्मं खाद्य खडीत जातं. धडधाकट, वाढ पूर्ण झालेल्या माशांना आठवड्यातून एक दिवस काहीच दिलं नाही तरी त्यांचं काही बिघडत नाही (नुकती जन्मलेली पिल्लं असतील तर मात्र हा उपास करू नये). तळाशी राहणाऱ्या कॅटफिशसाठी रात्री टाकलेल्या बुडणाऱ्या गोळ्यांवर सगळ्यात आधी गोगलगायीच पोचतात. त्या गोळ्या छोट्या बशीत टाकाव्या आणि उरलेलं सकाळी उचलावं.

बाकीची कामं तुम्हाला ठाऊक आहेत. पाणी बदलताना सायफनची नळी खडीत रुतवून गाळ ओढून घ्यायचा, म्हातारी पानं बुडापासून कापायची, दिवे सहा ते आठ तासांवर आणायचे. यातलं एकही काम गोगलगायींसाठी म्हणून नाही, टाकी ठेवणाऱ्याने ते एरवीही करायचंच असतं.

खाणं आवळलं की वेचण्याला अर्थ येतो. रात्री बशीत उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती किंवा पालकाचं पान ठेवा, वर छोटा दगड ठेवा म्हणजे ते तरंगणार नाही. पहाटेपर्यंत त्यावर काळी-तपकिरी गर्दी जमते. बशी अलगद उचलायची आणि बाहेर. पण उठल्याबरोबर उचलायची. ऑफिसला निघायच्या घाईत विसरलात तर सापळा लावला असं म्हणू नका, पंगत घातली म्हणा. काचेवरच्या अंड्यांच्या जेल्या जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून निघतात. आठवड्यातून दोनदा हे केलं की पुढची पिढी बरीच छाटली जाते. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो हळूच विचारतो, ‘तसं औषध आहे ना एक?’

आहे. बहुतेक गोगलगाय-नाशक औषधांत तांबं असतं, कॉपर सल्फेट किंवा तशाच एखाद्या रूपात. तांबं गोगलगायींना मारतं यात शंका नाही. ते कोळंबीलाही मारतं, आणि कोळंबीला त्याहून कमी प्रमाण पुरतं. खडीत आणि गाळात ते धरून राहतं, त्यामुळे वर्षभराने हौसेने आणलेल्या चेरी श्रिंप पटापट का मेल्या, हे कोडं कुणाला सुटत नाही. जंतांसाठी वापरतात त्या फेनबेन्डाझोलसारख्या औषधांचीही काही गोगलगायींच्या बाबतीत अशीच गत, हौसेने पाळतात ती नेराइट गोगलगाय त्याने हमखास जाते.

पण माझी खरी हरकत वेगळीच आहे. समजा औषध शंभर टक्के लागू पडलं. मग? टाकीत शेकडो गोगलगायी एका रात्रीत मेल्या. काचेवरच्या दिसतील, त्या काढाल. वाळूत गाडलेल्या ट्रम्पेट काढणार कशा? त्यांचं मांस बंद शिंपल्यात कुजतं आणि पाण्यात अमोनिया सुटतो. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या सामूवर (पीएचवर) अवलंबून असतो. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो, सामू ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. त्याच कुजण्याने एका टाकीतले मासे नुसते मंदावतात आणि दुसऱ्या टाकीतले पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, त्याचं कारण हे. त्यात ट्रम्पेट स्नेलला शिंपल्याचं तोंड घट्ट बंद करणारं झाकण असतं. पाणी बिघडलं की ती दार लावून बसते. म्हणजे ज्या जातीसाठी औषध आणलं तीच कित्येकदा सगळ्यात शेवटी मरते, आणि वाचलेल्या एखादीला पुन्हा घर भरायला नर लागत नाही. या जातीत माद्या नराशिवायच पिल्लं देतात, तीही अंडी नव्हे, थेट जिवंत, शिंपल्यासकट.

मासा आणावा का? बहुतेक सल्ले इथेच येऊन थांबतात. क्लाउन लोच आणा, साफ करून टाकेल. करेल. पण बोटभर असताना घेतलेला तो नारिंगी-काळा देखणा मासा फुटाच्या जवळपास वाढतो, वीस वर्षांवर जगू शकतो आणि त्याला त्याच्यासारखेच चार-पाच सोबती लागतात. गोगलगायी महिन्या-दोन महिन्यांत संपतील, मग पुढची वीस वर्षं त्या कळपाला दोन फुटांच्या काचेत ठेवणार? हा उपाय सुचवणाऱ्यांचा मला राग येतो, तो माशासाठी. पी पफर इंच-दीड इंचाचाच राहतो, गोगलगायी आवडीने खातो, पण तो इतरांचे पंखही कुरतडतो, त्याला स्वतःची वेगळी टाकी हवी. पश्चिम घाटातल्या नद्यांतल्या या चिमुकल्याच्या मूळ अधिवासावर आधीच ताण आहे, तोही असा भाड्याचा मारेकरी म्हणून आणावा हे मनाला पटत नाही.

राहिली असॅसिन स्नेल. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, आग्नेय आशियातली, दुसऱ्या गोगलगायी खाणारी गोगलगाय. वाळूत दबा धरून बसते आणि सोंडेसारखी नळी काढून वास घेत चालते. तिच्यात नर-मादी वेगळे असतात, आणि एका चौकोनी कोशात एकेकच अंडं घालत असल्याने ती संथ वाढते. माझा कल हिच्याकडे आहे, कारण ती सगळं संपवत नाही, आकडा दाबून ठेवते. पण खाणं आवळलेलं नसेल तर तिच्याच्याने काही होत नाही. शिकार जेवढी ती खाते त्याहून वेगाने शिकार जन्मते. आणि नेराइट किंवा मिस्ट्री स्नेल हौसेने पाळली असेल तर ती तिच्यावरही चालून जाते.

आता थोडं त्यांच्या बाजूने. माझ्या अनुबियासच्या पानांना भोकं पडली तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येकजण गोगलगायींकडे बोट दाखवत होता. भोकाच्या कडेला उभ्या असलेल्या गोगलगायीचा फोटोसुद्धा मला पाठवला गेला. पण ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न निरोगी, टणक पानाला सहसा दात लावत नाहीत. त्यांच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात, पण त्या खरवडायला, चावायला नव्हेत. शेवाळ धरलेल्या काचेवर रात्री पाहिलं तर त्या जिभेने मागे सोडलेली नागमोडी, रांगोळीइतकी नेमकी पट्टी दिसते. भोकं बहुधा पोटॅशियम कमी पडल्याने होतात, जुन्या पानावर टाचणीएवढा ठिपका पडून तो विस्तारत जातो. मग मेलेल्या कडा खायला गोगलगाय येते आणि रंगेहाथ पकडली जाते. मोठ्या पाँड स्नेल आणि ॲपल स्नेलच्या काही जाती मात्र खरोखरच हिरवी पानं फस्त करतात, त्यांची बाजू मी घेणार नाही.

शिवाय त्या बोलतात, फक्त कोण काय म्हणतंय ते कळलं पाहिजे. ब्लॅडर स्नेलला फुप्फुस असतं, ती श्वास घ्यायला वर येतच असते, तिच्या वर येण्याने घाबरू नये. ती कधीकधी स्वतःच्या चिकट स्रावाचा अदृश्य धागा सोडून त्यावरून पाण्यात मधोमध चढते-उतरते, ते पाहत बसावं. ट्रम्पेट स्नेलला कल्ले असतात. ती वाळू सोडून भर दिवसा, दिवे चालू असताना, घोळक्याने काचेवर चढली तर वर्तमान गंभीर आहे: खडीत प्राणवायू संपलाय किंवा पाण्यात काहीतरी कुजतंय. मासा दगावण्याआधी ही सूचना मिळते. मी अशा वेळी आधी पाणी तपासते, मग फिल्टर, मग लाकडामागे मासा मरून पडलाय का ते. फिल्टरमधून खरखर येत असली तर मोटरच्या पंख्यात बहुतेक एखादी लहान ट्रम्पेट अडकलेली असते, तेही त्यांचंच काम.

मऊ, आम्लधर्मी पाण्यात याच गोगलगायींचे शिंपले वरून पांढरे पडून झिजतात, खड्डे पडतात. त्यांना कॅल्शियम पुरत नाही. तशा पाण्यात त्यांची संख्या आपोआपच मर्यादित राहते, पण म्हणून मुद्दाम सामू पाडू नये. माशांच्या जिवावर गोगलगायी मोजायच्या नसतात.

मोजते मात्र मी जरूर. दिवे मालवल्यावर तासाभराने, पुढच्या काचेच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात, टॉर्चच्या उजेडात. टाकीतल्या सगळ्या मोजणं अशक्य आहे आणि गरजही नाही. तोच कोपरा, तीच वेळ, एवढं पाळलं की चढउतार कळतो. आकडा चढला की घरात विचारायचं, परवा कुणी दोनदा खायला घातलं? बहुतेकदा उत्तर मिळतं.

काढलेल्या गोगलगायींचं काय करायचं, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, सरळ गटारात किंवा तळ्यात टाकतात. हे करू नये, कुठेही नाही. दक्षिण अमेरिकेतली ॲपल स्नेल १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानला नेली, ती शेतांत सुटली आणि आशियाभर भाताची वैरीण झाली. युरोपीय संघाने २०१२ साली तिच्या संपूर्ण पोमेशिया प्रजातीलाच बंदी घातली. ट्रम्पेटची गोष्ट थोडी उलटी आहे. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर १९८० च्या दशकात तिलाच मुद्दाम पाण्यात सोडण्यात आलं, कारण तिच्या रेट्यापुढे बिल्हार्झिया या रोगाचे कृमी वाहणारी स्थानिक गोगलगाय मागे हटते. पण तीच ट्रम्पेट दुसऱ्या काही कृमींना आसरा देते. म्हणजे कुठल्या पाण्यात काय सोडावं हे ठरवणं आपलं, टाकीवाल्यांचं, काम नाही. जास्तीच्या गोगलगायी चटकन चिरडून माशांना द्याव्या, ते तुटून पडतात. मन होत नसेल तर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाकाव्या.

किंवा कुणी पफर पाळणारं ओळखीचं असेल तर त्याला द्याव्या. पफरला चावायला कडक शिंपला लागतो, म्हणून ही मंडळी गोगलगायींसाठी वेगळं भांडं ठेवतात. खिडकीत ठेवलेली साधी बादली, तीत थोडं जावा मॉस, चिमूटभर कॅल्शियम, रोज काकडीची साल आणि माशांच्या खाद्याची सढळ मूठ. फिल्टर नाही, औषध तर नाहीच. तरी त्यांची तक्रार असते की पुरत नाहीत, आणि तेही विचारतात, आणखी काय टाकू?